हुनर शिकवा, माल खपवा

सुती ताणा, रेशमी बाणा असा आपला औरंगाबादी हिमरू. यंत्रमागाचा स्वस्त माल त्याच नावाने विकला जाऊ लागला आणि हातमागाचे विणकर मजुरीकडे वळले. आम्ही कापडवाले हे पेठेत पाहत आलो आहोत.

हैदराबादेत सुरैया हसन बोस (१९२८-२०२१) यांनी विधवा भगिनींना हिमरू विणायला शिकवले, तो माल स्वतः विकला, शिवाय कारागिरांच्या मुलांसाठी शाळाही चालवली. नुसते शिकवून कारागिराची चूल पेटत नाही, माल खपला पाहिजे.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. प्रशिक्षण केंद्राला देणगी द्या, पण त्याला लागून शोरूमसाठी एक गाळाही द्या. हातमागाच्या मालावर तशी चिठ्ठी लावा. आणि विणकराची मजुरी रोख द्या, उधारीवर ठेवू नका.