कांचेच्या टांकींतील शेजार

चाळींत किंवा सदनिकेंत राहणाऱ्या माणसाचें शेजाऱ्याशीं पटलें नाहीं, तर त्याला दार लावून घेतां येतें. फारच झालें तर बिऱ्हाड बदलतां येतें. कांचेच्या टांकींत ठेवलेल्या माशाला यांपैकीं कोणतीहि सोय नसते. त्याचें पाणी, त्याचें अन्न आणि त्याचा शेजार हीं तिन्ही दुसऱ्यानें ठरविलेलीं असतात, व तीं चुकलीं तर त्याला ओरडूनहि सांगतां येत नाहीं. म्हणून रंगीत मासे पाळण्याच्या छंदांत टांकीची मांडणी, दिवे, वाळू, शोभेच्या वनस्पती या सर्वांच्या आधीं एका प्रश्नाचा निकाल लागावा लागतो: कोणते मासे एकत्र सुखानें नांदतील?

वसई-विरारच्या पट्टींत मासा हा काय नवलाचा विषय नव्हे. अर्नाळा आणि पाचूबंदर येथील कोळ्यांनीं आणलेल्या मासळीची पारख येथील गृहिणींना डोळे मिटून करतां येते. परंतु खाण्याच्या मासळीची पारख वेगळी व पाळण्याच्या माशाची पारख वेगळी. रविवारीं कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारांतून पाण्याच्या फुगीर पिशव्या हातांत सांभाळीत विरार लोकलनें परतणारीं मुलें व त्यांचे वडील पुष्कळदां दिसतात. त्या पिशवींत दिसेल तो सुंदर मासा एकेक करून घेतलेला असतो. महिन्याभरांत त्यांतले निम्मे उरत नाहींत. मग दोष कधीं पाण्याला, कधीं दुकानदाराला, तर कधीं नशिबाला दिला जातो. खरा दोष बहुधा निवडीचा असतो.

घरांतील टांकीची कल्पना तशी फार जुनी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय १८५३ सालीं उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथाच्या द्वारें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, व उत्तर कोंकणांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं पोहणारा परदेशी मासा प्रथम तेथेंच पाहिला. पण सार्वजनिक मत्स्यालयांत टांक्या पुष्कळ असतात; न पटणारा मासा दुसरीकडे हलवितां येतो. घरीं टांकी एकच, आणि तींत चार देशांचे मासे एकत्र ठेवावयाचे. सारी अडचण येथें आहे.

पहिली कसोटी पाण्याची. वसई-विरार शहराला नळानें मिळणारें पाणी मुख्यतः सूर्या नदीवरील धामणी धरणाचें, व त्याशिवाय उसगांव आणि पेल्हार येथील धरणांचें. हें पावसाचें सांठविलेलें पाणी असल्यामुळें तें सामान्यतः मृदु असतें. उलट, कित्येक नव्या इमारतींत कूपनलिकेचें किंवा टँकरचें पाणी येतें; समुद्राच्या सान्निध्यामुळें तें पुष्कळदां जड, क्वचित् मचूळहि असतें. याची परीक्षा घरांतच होते. साबणाला फेस येत नसेल, डाळ लवकर शिजत नसेल, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड समजावें. आतां गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे अंडीं न घालतां पिल्लें देणारे मासे जड पाण्यांत बाळसें धरतात. दक्षिण अमेरिकेंतील टेट्रा, मलायाकडील हार्लेक्विन रासबोरा यांना मात्र मृदु पाणी मानवतें. म्हणजे मोली आणि निऑन टेट्रा यांचें भांडण नसलें, तरी एकाला जें पाणी पथ्याचें तें दुसऱ्याला अपथ्याचें होतें. पाणी बदलून माशाला अनुकूल करण्यापेक्षां घरांत येणाऱ्या पाण्याला अनुकूल असा मासा आणणें हा शहाणपणाचा मार्ग होय.

नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो. तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. पाणी उघड्या बादलींत दिवसभर ठेवल्यास क्लोरीन बहुतांशीं उडून जातो. घाई असल्यास छायाचित्रकार वापरतात तो ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अल्प प्रमाणांत घालतात. कूपनलिकेचें पाणीहि ताजें वापरूं नये. त्यांत प्राणवायु कमी असूं शकतो, म्हणून कांहीं तास त्यांत हवेचे बुडबुडे सोडावे.

दुसरी कसोटी उष्णतेची. पुस्तकांतून पाणी तापविण्याच्या यंत्राबद्दल बरेंच लिहिलेलें आढळतें. थंड देशांत तें योग्यच. पण वसईच्या हवेंत तें यंत्र डिसेंबर-जानेवारींतील कांहीं रात्री सोडल्यास निरुपयोगी असतें. येथें संकट येतें तें एप्रिल-मे महिन्यांत. बंद खोलींतील टांकीचें पाणी तेव्हां ३० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातें, आणि पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो. २५ अंशांवर एका लिटरांत सुमारें ८.२ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांवर सुमारें ७.५. त्याच वेळीं उष्णतेनें माशांचा श्वासोच्छ्वास मात्र वाढलेला असतो. निऑन टेट्राला थोडें थंड पाणी प्रिय; म्हणून तो हिवाळ्यांत येथें उत्तम दिसतो व उन्हाळ्यांत मरगळतो. गुरामीची गोष्ट निराळी आहे. या जातीच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वर एक चक्रव्यूहासारखी इंद्रियरचना असते; तिच्या योगानें तो पृष्ठभागावर येऊन हवेंतला प्राणवायु घेऊं शकतो. मे महिन्यांत वीज गेली व हवेचा पंप बंद पडला, तर टांकींत सर्वांत शेवटीं कासावीस होणारा मासा गुरामीच असतो.

लोकप्रिय गोल्डफिशसंबंधीं येथेंच सांगणें इष्ट आहे. चीन देशांतून आलेला हा मासा थंड पाण्याचा, वाढला म्हणजे वीतभर होणारा, आणि पाणी फार लवकर खराब करणारा. उष्ण प्रदेशांतील चिमुकल्या माशांच्या सोबतीला त्याला ठेवणें हा दोन्ही पक्षांवर अन्याय होय. त्याला वेगळी व मोठी टांकी द्यावी.

तिसरी कसोटी तोंडाची. ज्या माशाच्या तोंडांत दुसरा मासा मावतो, तो त्याला आज ना उद्यां गिळतो. यांत क्रौर्य नाहीं, तो निसर्ग आहे. एंजल मासा नाण्याएवढा असतांना निऑनच्या थव्यांत मोठा शोभिवंत दिसतो. सहा महिन्यांनीं तो तळहाताएवढा होतो व एके सकाळीं निऑनची संख्या कमी भरते. म्हणून मासा दुकानांत केवढा आहे हें न पाहतां तो पूर्ण वाढल्यावर केवढा होईल हें विचारावें. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारें बोटभर पिल्लूं पुष्कळदां पंगासियसचें असतें, आणि पंगासियस तर शेततळ्यांत वाढवून खाण्यासाठीं विकला जाणारा भला मोठा मासा. कांचेला चिकटून शेवाळ खाणारा ‘सकर’ दीड वितीपर्यंत वाढतो. लाल शेपटीचा कॅटफिश तर एक मीटरहून लांब होतो. दोन फुटी टांकींत यांपैकीं कोणाचीहि सोय नाहीं.

चौथी कसोटी स्वभावाची. कांहीं मासे जागेसाठीं भांडतात, कांहीं खोडी म्हणून दुसऱ्याचे पर कुरतडतात. टायगर बार्ब हा दुसऱ्या प्रकारांतला. त्याला लांब परांच्या गप्पीसोबत किंवा एंजलसोबत ठेवल्यास थोड्याच दिवसांत त्यांचे पर झिरमिळ्या होतात. तोच टायगर बार्ब आठ-दहांच्या थव्यांत असला म्हणजे आपसांतल्या पाठशिवणींत रमतो, व त्याचा इतरांना होणारा उपद्रव कमी होतो. ‘फायटर’ नांवानें ओळखला जाणारा सयामी बेट्टा तर आपल्या जातीच्या दुसऱ्या नराला क्षणभरहि सहन करीत नाहीं, आणि रंगीत शेपटीच्या गप्पीलाहि तो प्रतिस्पर्धी समजतो. भाग्योदयासाठीं म्हणून कित्येक घरांतून ठेवला जाणारा फ्लॉवरहॉर्न हा माणसानें संकर करून तयार केलेला मासा असून तो एकटाच राहूं जाणे.

याच्या उलट कांहीं माशांना एकांत सोसत नाहीं. झेब्रा मासा, टेट्रा, रासबोरा, तळाशीं वावरणारा कोरिडोरास हे थव्यानें राहणारे जीव आहेत. एकेक नमुना आणून ‘पांच प्रकारचे पांच मासे’ ठेवण्याचा मोह फार होतो. पण थव्यावांचून हे मासे भेदरतात, कोपऱ्यांत दडतात, अन्न सोडतात व रोगाला बळी पडतात. एकाच जातीचे निदान सहा मासे ठेवावे. जाती थोड्या आणि संख्या पुरेशी, हें सूत्र ध्यानांत धरल्यास टांकी अधिक शांत व अधिक सुंदरहि दिसते.

वर, मध्यें व तळाशीं असे टांकीचे तीन मजले कल्पावे, आणि प्रत्येक मजल्याला वेगळा भाडेकरू द्यावा. झेब्रा वरच्या थरांत धांवतो, टेट्रा व रासबोरा मधल्या थरांत तरंगतात, कोरिडोरास वाळू हुंगीत फिरतो. अशा वांटणीनें संघर्ष टळतो, व वरून पडलेलें अन्नहि वांयां जात नाहीं. मात्र तळाचा मासा म्हणजे उष्टें खाऊन जगणारा झाडूवाला नव्हे. त्याच्यासाठीं तळाशीं जाणारें अन्न स्वतंत्रपणें घालावें लागतें.

संख्येचा प्रश्न याहून नाजूक. माशाच्या मलमूत्रापासून अमोनिया उत्पन्न होतो व तो विषारी असतो. गाळणींत व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतु प्रथम त्याचें नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. यांपैकीं नायट्राइटहि घातकच, नायट्रेट मात्र बरेंच निरुपद्रवी. हे जंतु नव्या टांकींत नसतात; ते पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवी टांकी आणून त्याच दिवशीं वीस मासे सोडणें म्हणजे मोरीवांचूनच्या घरांत लग्नाचें वऱ्हाड उतरविणें होय. पहिल्यानें चार-पांच काटक मासे सोडावे, आठवड्यांच्या अंतरानें संख्या वाढवावी, आणि दर आठवड्यास सुमारें चतुर्थांश पाणी बदलावें. एक गॅलन पाण्यास एक इंच मासा हा जुना नियम चिमुकल्या माशांपुरता ठीक आहे. दहा इंची मासा हा दहा एक-इंची माशांच्या बरोबरीचा नसतो. लांबी दसपट झाली तर वजन हजारपटीच्या घरांत जातें, व घाणहि त्याच मानानें वाढते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टांकी बहुतेक सदनिकांत मावते. वाळू व रिकामी जागा वजा जातां तींत सुमारें ४५ लिटर पाणी राहतें. नळाचें मृदु पाणी असेल तर आठ हार्लेक्विन रासबोरा, हनी गुरामीची एक जोडी आणि पांच-सहा कोरिडोरास असें कुटुंब तींत सुखानें राहील. जड पाणी असेल तर सहा-सात गप्पी व एक प्लॅटी नर आणि दोन माद्या एवढें पुरे. गप्पी मात्र सगळे नर घ्यावे. कारण एक मादी साधारणतः महिन्याला वीस-तीस पिल्लें देते, आणि पाहतां पाहतां टांकी अपुरी पडते.

देशी माशांकडेहि लक्ष जावें. झेब्रा, हनी गुरामी, बटू गुरामी व रोझी बार्ब या चारहि जातींचें शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथांत केलें. हे मासे आपल्या उन्हापावसाचे सोबती असून आतां टांक्यांतच पैदास केलेले सहज मिळतात. पण केरळांतील लाल रेषेचा डेनिसन बार्ब पाहून भुलूं नये. तो चार इंचांहून मोठा होतो, त्याला थवा व लांबलचक टांकी लागते, आणि बाजारासाठीं झालेल्या धरपकडीनें नद्यांतून तो संकटग्रस्त झाला आहे.

नवा मासा आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडें थोडें पाणी मिसळून मासा जाळीनें आंत सोडावा. पिशवींतलें पाणी टांकींत ओतूं नये. शक्य असल्यास दोन-तीन आठवडे नव्या माशाला वेगळ्या भांड्यांत ठेवावें. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा रोग बहुधा अशा पाहुण्याबरोबरच येतो.

इतकी काळजी घेऊनहि निवड चुकते, मासा वाढतो किंवा पिल्लांची गर्दी होते. तेव्हां सुचणारा सोपा उपाय म्हणजे तो जवळच्या तलावांत किंवा बावखलांत सोडून देणें. हा उपाय दयेचा वाटतो, पण तसा तो नाहीं. वसईच्या हिरव्या पट्ट्यांतील हीं खोदीव गोड्या पाण्याचीं बावखलें केळी, पानवेली व फुलबागा यांचा आधार आहेत. पावसाचें पाणी जिरवून तीं विहिरींना खारेपणापासून वांचवितात. त्यांपैकीं कित्येक आधींच बुजलीं. उरलेल्यांत सकर शिरला, तर तो कांठांत बिळें करून बांध पोखरतो, आणि देशी माशांच्या वांट्याचें अन्न फस्त करतो. पूर्व कोलकात्याच्या मत्स्यतलावांतून त्याचा हा उपद्रव अनुभवास आला आहे. नको झालेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा मोठी टांकी असलेल्या गृहस्थास द्यावा.

खरेदीच्या वेळीं घरच्या पाण्याचा प्रकार, टांकीचें माप आणि आधींच्या माशांचीं नांवें एका चिठ्ठीवर लिहून न्यावीं, व त्या चिठ्ठींत न बसणारा मासा कितीहि मोहक असला तरी दुकानांतच राहूं द्यावा. घरांतल्या लहान मुलाला ही चिठ्ठी वाचावयास सांगितली, तर दुसऱ्या जिवाची जबाबदारी घेण्यापूर्वीं विचार करावा लागतो, हा धडा त्याला आयताच मिळेल. आणि टांकींतील मासेहि दीर्घकाळ त्याच्या सोबतीला राहतील.