प्रोसेसर थंड, तरी संगणक का अडतो?

असे समजा, की एका हौशी विद्यार्थ्याने आपल्या संगणकाच्या प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवला. त्यासाठी पाण्याने थंड करणारा महागडा कूलरही बसवला. पहिली दहा मिनिटे काम उत्तम चालले. मग संगणक एकाएकी मंदावला, सावरला, पुन्हा मंदावला. पडद्यावर प्रोसेसरचे तापमान मात्र ६५ अंश सेल्सिअस दिसते आहे. म्हणजे काळजीचे काहीच नाही. मग अडते कुठे?

या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली आलेला इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा ‘सेलेरॉन ३०० ए’ यासाठी फार गाजला. त्याचा वेग मदरबोर्डवरील बसच्या वेगाच्या साडेचारपट असे. बस ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर चालवली की तो ४५० मेगाहर्ट्झवर धावे, आणि बरेच नग हे सहज सोसत. आताचे प्रोसेसर आपले तापमान पाहून स्वतःच वेग वाढवतात. हाताने वाढवण्यासारखे फारसे उरत नाही. पण उरलेले मिळवायला गेले की उष्णतेशी गाठ पडतेच.

प्रोसेसरमधला ट्रान्झिस्टर अवस्था बदलतो तेव्हा एक अतिसूक्ष्म धारित्र भारित किंवा रिकामे होते. म्हणून प्रोसेसरला लागणारी शक्ती वारंवारितेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवला की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. तेवढ्या वेळात संकेत पोचला नाही तर उत्तर चुकते. तो लवकर पोचावा म्हणून दाब वाढवावा लागतो. समजा, वेग १० टक्के वाढवला आणि दाबही १० टक्के. शक्ती होईल १.१ × १.१ × १.१, म्हणजे १.३३ पट.

इथवरचा हिशेब सगळेच करतात. पण ही शक्ती येते कोणत्या वाटेने? एसएमपीएसकडून येतात १२ व्होल्ट, तर प्रोसेसरला हवे असतात सुमारे १.२ व्होल्ट. हे रूपांतर मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या सॉकेटला लागून असलेला नियामक करतो. मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर, चोक आणि धारित्रे मिळून तो बनतो. प्रोसेसर १२० वॅट घेत असेल तर १.२ व्होल्टला प्रवाह किती? १०० अँपिअर! घरातली हजार वॅटची इस्त्री साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही.

आता दहावीच्या वर्गात शिकवतो तो ज्यूलचा नियम लावून पाहू. शक्ती १.३३ पट आणि दाब १.१ पट, म्हणून प्रवाह १.२१ पट. त्याचा वर्ग १.४६. म्हणजे प्रोसेसरची उष्णता ३३ टक्क्यांनी वाढली, तेव्हा मॉस्फेटच्या रोधात निर्माण होणारी उष्णता ४६ टक्क्यांनी वाढली. शिवाय तापल्यावर मॉस्फेटचा रोध वाढतो आणि तो आणखी तापतो. म्हणूनच चांगल्या मदरबोर्डवर प्रवाह अनेक समांतर वाटांनी नेतात. एका वाटेऐवजी तशाच दहा वाटा असल्या तर प्रत्येकीत उष्णता शंभरावा हिस्सा, आणि सगळ्या मिळून दहावा.

नियामकाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी १२० वॅट पुरवताना त्याच्यात सुमारे १३ वॅट वाया जातात. आकडा किरकोळ वाटतो. पण सोल्डरिंग आयर्न आठवा: २५ वॅटमध्ये ते कथील वितळवते. उष्णता किती लहान जागेत कोंडली आहे, हे महत्त्वाचे.

आणि इथेच मोठी गंमत आहे. जुन्या पद्धतीचा पंखा प्रोसेसरच्या डोक्यावरून खाली वारा सोडी. तो वारा मदरबोर्डवर पसरून नियामकालाही फुकटात गार करी. उंच मनोऱ्यासारखे कूलर आले, पाण्याचे कूलर आले, आणि हा वारा थांबला. प्रोसेसरची सोय उत्तम झाली, शेजाऱ्याची गेली! नियामक फार तापला की स्वतःच्या बचावासाठी तो प्रोसेसरला वेग कमी करायला लावतो. आपला विद्यार्थी पाहत होता ते तापमान भलत्याचेच होते. २०१७ साली इंटेलच्या एक्स२९९ चिपसेटच्या काही मदरबोर्डांवर नेमकी हीच टीका झाली होती.

उपाय साधा आहे. मॉस्फेटवर उष्णतावाहक पट्टी, तिच्यावर ॲल्युमिनिअमचा शोषक, आणि त्यावर वाहती हवा. पट्टी कशाला? तर दोन धातूंच्या पृष्ठांत राहणारी हवा ॲल्युमिनिअमच्या मानाने हजारो पट मंद उष्णतावाहक असते. शोषकाला पातळ पाती हवीत. शोभेचा ठोकळा लवकरच तापून बसतो. (असे ठोकळे विकले जातात, ही आमच्या मते ग्राहकाची थट्टाच आहे.) पंख्याने खोलीपेक्षा खाली मात्र जाता येत नाही. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर गेली की आतले सगळे भाग साधारण तितकेच वर सरकतात. जानेवारीत स्थिर वाटलेला संगणक मे महिन्यात अडू शकतो.

तो बंद पडला तर निदान कळते तरी. निमूटपणे चुकीचे उत्तर देणारा संगणक अधिक वाईट. म्हणून ‘प्राइम ९५’सारखे कार्यक्रम उत्तर माहीत असलेली गणिते काही तास करवून पडताळून पाहतात. या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगू, की नवा कूलर घेण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडावी, टेबलफॅनचा वारा सॉकेटच्या भोवती सोडावा, आणि बाकी काहीही न बदलता तीच चाचणी पुन्हा घ्यावी. मंदावणे थांबले, तर दोषी कोण ते कळेल.