इंजिनाचा श्वास (भाग 9) : थ्रॉटल मोठं करावं का?

आज कॅमशाफ्टवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला ठेववत नाही. त्यांच्याकडे सोळा व्हॉल्व्हची पेट्रोल जिप्सी आहे. एक कारागीर त्यांना म्हणतो, थ्रॉटल बॉडी लेथवर बोअर करून देतो, मोठी बटरफ्लाय टाकतो, दहा-पंधरा हॉर्सपॉवर सहज वाढेल. करून घ्यावं का?

आत्ता तरी करू नका. आता हिशेब पाहू, कारण या विषयात छातीठोक सांगणारे पुष्कळ आणि मोजणारे थोडे.

हे 1.3 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला 80 हॉर्सपॉवर देतं. फोर-स्ट्रोक असल्याने प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो, म्हणजे मिनिटाला 3900 लिटर हवा. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, 85 टक्के धरू. सेकंदाला 55 लिटर झाले. थ्रॉटलचा व्यास हिशेबासाठी 46 मिलिमीटर घेतला (तुमचा व्हर्नियरने मोजा), तर हवा सेकंदाला 33 मीटर वेगाने आत जाते. हा सगळा वेग वाया गेला असं मानलं तरी दाब 6 मिलिबारने घटतो, वातावरणाच्या दाबाच्या 0.6 टक्के. बटरफ्लाय आणि तिचा दांडा आड येतो म्हणून दुप्पट धरा. तरी जेमतेम एक हॉर्सपॉवर! थ्रॉटल कितीही मोठं केलं तरी याहून जास्त हाती लागणार नाही, कारण तिथे गमावलंच तेवढं आहे.

रेसिंगचं उदाहरण घ्या. नारायण कार्तिकेयन 1999 आणि 2000 साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत धावत होता. त्या गाड्यांची दोन लिटरची इंजिनं नियमाने 26 मिलिमीटरच्या भोकातून श्वास घेत आणि तरी 200च्या आसपास हॉर्सपॉवर देत. तुमच्या जिप्सीचं थ्रॉटल त्याहून कितीतरी रुंद आहे.

मग भोक महत्त्वाचं नाहीच का? खरोखर अडवणारं भोक असेल तर फार महत्त्वाचं. 1995 साली जागतिक रॅलीत टर्बोच्या तोंडाशी 34 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा मर्यादित ठेवणारं भोक, सक्तीचा होता. कॅटालुनियाच्या रॅलीत टोयोटाच्या सेलिकावर तपासनिसांना जे सापडलं, ते वाचून मी आजही थक्क होतो. होज पाइप घट्ट बसवला की आतला रिस्ट्रिक्टर स्प्रिंगच्या जोरावर सुमारे 5 मिलिमीटर सरके आणि त्याच्या कडेने चोरून हवा आत जाई. तपासणीसाठी पाइप काढला की तो आपोआप जागेवर येई, सगळं नियमात दिसे. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनीही या युक्तीच्या हुशारीला दाद दिली आणि टोयोटाला बारा महिन्यांची बंदी लागली. तिथे हवेची प्रत्येक फट मोलाची होती, कारण 34 मिलिमीटरचं ते भोक इंजिनाला खरंच अडवत होतं.

'पण मोठं थ्रॉटल टाकल्यावर पिकअप वाढतो, मी चालवून पाहिलंय,' असं अनेक जण सांगतात. त्यांना जाणवतं ते खरंच असतं. पाव रेस दिली की मोठ्या बटरफ्लायच्या कडेने जास्त हवा जाते, म्हणून गाडी पायाखाली चपळ वाटते. तोच परिणाम जुन्या थ्रॉटलवर पाय थोडा जास्त दाबून मिळतो. पूर्ण दाबल्यावर दोन्ही गाड्या आपला महबूब घाट एकाच वेगाने चढतील. वर आयडलिंग बिघडण्याचा धोका, आणि मॅनिफोल्डचं तोंड जुन्याच मापाचं राहिलं तर तिथे पायरी तयार होते, ती वेगळी.

आदिलाबादकरांची खरी गळती दुसरीकडे आहे. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना बॉनेटखालची हवा 70 वर जाते. एअर फिल्टर ती गरम हवा ओढत असेल, तर बाहेरच्या हवेपेक्षा ती सात टक्क्यांनी विरळ असते. रेडिएटरच्या पुढून हवा आणणारा साधा पाइप थ्रॉटलपेक्षा कितीतरी जास्त देईल. जानेवारीच्या पहाटे, पारा 5-6 अंशांवर असताना, हीच गाडी कशी ओढते ते आठवा. दुसरी गोष्ट कापसाच्या हंगामाची. कापसाच्या यार्डाच्या रस्त्यावर रोज गाडी फिरत असेल तर फिल्टर काढून उजेडात धरा. रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ यांचा थर दिसेल.

तरीही खात्री करायची असेल तर मॅनिफोल्डच्या नळीला टी लावून व्हॅक्यूम गेज जोडा. सोबतीला कुणीतरी गेज बघायला घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस, आरपीएम चढते ठेवा. काटा शून्याजवळ असेल तर वाट मोकळी आहे. एका इंचाच्या वर राहिला, तर टी फिल्टर आणि थ्रॉटलच्या मध्ये लावून पुन्हा बघा; तिथेही तेवढाच आकडा आला तर दोष फिल्टरचा. नव्या गाड्यांत मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर असेल तर स्कॅनर पुरतो. आपल्याकडे इंजिन बंद असताना तो 97-98 किलोपास्कल दाखवेल, त्याच्याशी पूर्ण रेसवरचा आकडा ताडून पाहा.

हेड पोर्ट केलं, कॅम बदलला, इंजिन 8000 फेऱ्यांपर्यंत नेलं, तर मात्र हे गणित फिरतं. हवा दुप्पट झाली की अडथळा चौपट होतो. तेव्हा आधी कॅम, मग पुन्हा गेज, आणि गेजने सांगितलं तरच लेथ.