विश्लेषण : आयरिश व्हिस्कीतील मक्तेदारी मोडणारे जॉन टीलिंग कोण?

१९८७ मध्ये संपूर्ण आयर्लंड बेटावर व्हिस्की तयार करणाऱ्या फक्त दोन डिस्टिलरी उरल्या होत्या. एक दक्षिणेला कॉर्क काउंटीत मिडलटनला, तर दुसरी उत्तर आयर्लंडमध्ये बुशमिल्सला. दोन्ही ‘आयरिश डिस्टिलर्स’ या एकाच कंपनीच्या मालकीच्या होत्या. त्याच वर्षी डब्लिनचे उद्योजक जॉन टीलिंग यांनी लाउथ काउंटीतील कूली येथे सरकारने विक्रीला काढलेला, मुळात बटाट्यापासून अल्कोहोल बनवण्यासाठी उभारलेला एक कारखाना विकत घेतला. किंमत होती सुमारे १ लाख ६ हजार आयरिश पौंड.

आयरिश व्हिस्कीची घसरण का झाली?

एकोणिसाव्या शतकात आयरिश व्हिस्कीचा जगभर दबदबा होता. १८३० मध्ये एनियस कॉफी यांनी सलग ऊर्ध्वपातन करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यामुळे स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले. डब्लिनच्या बड्या उत्पादकांनी या यंत्राकडे पाठ फिरवली, स्कॉटलंडने मात्र ते उचलून धरले. पुढे अमेरिकेतील दारूबंदी (१९२०-३३) आणि १९३० च्या दशकातील ब्रिटनबरोबरचे व्यापारयुद्ध यांमुळे दोन मोठ्या बाजारपेठांना फटका बसला. अखेर १९६६ मध्ये जेमसन, पॉवर्स आणि कॉर्क डिस्टिलरीज या कंपन्या तग धरण्यासाठी एकत्र आल्या. त्यातून आयरिश डिस्टिलर्सचा जन्म झाला. १९७० च्या दशकात बुशमिल्सही तिच्याकडे आली, तर १९८८ मध्ये ही कंपनीच फ्रान्सच्या ‘पेर्नो रिकार’ने ताब्यात घेतली.

नव्या उत्पादकापुढे अडचण कोणती?

१९४६ मध्ये जन्मलेल्या टीलिंग यांनी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकत असतानाच या उद्योगाच्या ऱ्हासाचा अभ्यास केला होता. मात्र या धंद्यात अभ्यासाइतकाच पैसा आणि संयम लागतो. आयरिश व्हिस्की म्हणून विकण्यासाठी मद्य किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरावे लागते. धान्य, इंधन, पिंपे आणि मजुरी यांचा खर्च आज करावा लागतो, उत्पन्न तीन वर्षांनी सुरू होते. त्यातच दर वर्षी काही टक्के मद्य पिंपातून उडून जाते.

१९९४ मध्ये काय घडले?

कूलीत १९८९ मध्ये उत्पादन सुरू झाले. काही वर्षांतच गोदामे भरली, पण गंगाजळी आटली. १९९३ मध्ये आयरिश डिस्टिलर्सने सुमारे २.४५ कोटी पौंडांना कूली विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. कूलीचे मालक विकायला तयार होते. मात्र आयर्लंडच्या स्पर्धा प्राधिकरणाने १९९४ मध्ये या व्यवहाराला नकार दिला. कूली बंद करून एकमेव देशी स्पर्धक संपवणे हा खरेदीचा हेतू असल्याचा प्राधिकरणाचा निष्कर्ष होता.

टीलिंग यांच्या दृष्टीने हा तेव्हा मोठा धक्का होता, कारण खरेदीदार गेला आणि देणी मात्र तशीच राहिली. कूलीने सुपरमार्केटना त्यांच्या नावाने विकण्यासाठी व्हिस्की पुरवली आणि हळूहळू स्वतःच्या ब्रँडचा जम बसवला. किलबेगन येथे १९५० च्या दशकात बंद पडलेल्या जुन्या डिस्टिलरीत २००७ मध्ये पुन्हा ऊर्ध्वपातन सुरू केले.

पुढे काय झाले?

अमेरिकेच्या ‘बीम’ कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये कूली ९.५ कोटी डॉलरना घेण्याची घोषणा केली. टीलिंग मात्र थांबले नाहीत. डंडॉक शहरातील एका जुन्या बिअर कारखान्यात त्यांनी २०१५ मध्ये ‘ग्रेट नॉर्दर्न डिस्टिलरी’ सुरू केली. ती प्रामुख्याने इतर ब्रँडना व्हिस्की पुरवते. त्यामुळे स्वतःचा माल मुरेपर्यंत नव्या कंपन्यांना बाजारात उतरता येते. त्याच वर्षी त्यांचे पुत्र जॅक आणि स्टीफन यांनी डब्लिनमध्ये स्वतंत्र डिस्टिलरी उघडली. शहरात सव्वाशे वर्षांत उभारलेली ती पहिलीच नवी डिस्टिलरी होती.