रक्तांतला चोर आणि यंत्राचा डोळा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या औरंगपुऱ्यांतील घरीं एक प्रसंग घडला. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. त्यांत एकास ताप आला कीं सगळ्या घराचें घड्याळ बिघडतें, हा अनुभव एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस नवा नाहीं. आमचा पुतण्या कामानिमित्त पंधरा दिवस गडचिरोलीच्या बाजूस राहून परत आला आणि तिसऱ्याच दिवशीं त्यास थंडी वाजून ताप भरला. मातोश्रींनीं काढा उकळला, वहिनींनीं कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि आम्ही त्यास रक्त तपासण्यासाठीं घेऊन गेलों. सायंकाळची वेळ, प्रयोगशाळेंत गर्दी. तासाभरानें चिठ्ठी हातीं आली : हिंवतापाचे जंतू आढळले नाहींत.

घरांत सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ताप कांहीं चिठ्ठी वाचीत नाहीं. चौथ्या दिवशीं मुलाचे डोळे पिवळसर दिसूं लागले, तेव्हां आमच्या घरच्या डॉक्टरांनीं रक्त पुन्हां, आणि दुसऱ्या ठिकाणीं, तपासण्यास सांगितलें. तेथील वयस्क तंत्रज्ञांनीं बऱ्याच वेळानें मान वर केली व आम्हांस जवळ बोलाविलें. "काका, इकडे या. स्वतःच पाहा."

आम्हीं सूक्ष्मदर्शकांत पाहिलें. फिकट गुलाबी चकत्यांची दाट रांगोळी, आणि त्यांतील एका चकतींत एक नाजूक निळसर कडें. कड्याच्या एका बाजूस लाल जांभळा ठिपका, जणूं खड्याची अंगठी. हाच तो चोर! पहिल्या दिवशीं तो कां सांपडला नाहीं, असें आम्हीं विचारलें. ते सौम्यपणें म्हणाले, "त्या दिवशीं जंतू थोडेच असतील. शिवाय संध्याकाळीं पन्नासावी स्लाईड पाहतांना डोळा दमतो, काका. माझाही दमतो."

औषध सुरू झालें, आणि मुलगा बरा झाला. परंतु फॅल्सिपेरम जातीच्या ह्या हिंवतापांत चार दिवसांचा उशीर मेंदूवर बेतूं शकतो, हें डॉक्टरांनीं नंतर सांगितलें, तेव्हां घरांत कोणी बराच वेळ बोललें नाहीं. तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे : न दमणारा डोळा कोठें मिळेल काय? त्या शोधांत जें वाचावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा जंतू माणसाच्या रक्तांत प्रथम पाहिला तो फ्रेंच लष्करी वैद्य लाव्हराँ यांनीं, ६ नोव्हेंबर १८८० रोजीं, अल्जीरियांतील कॉन्स्टन्टीन येथें. तो डांसांच्या द्वारें पसरतो, ह्याचा धागा मात्र आपल्या बाजूस सांपडला. आमचें शहर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्याच्या राजधानीलगतच्या सिकंदराबादेंत २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या जठराच्या भिंतींत हे जंतू दिसले. घामानें त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, आणि पंखा हालवावा तर चिरलेले डांस उडून जात. रॉस यांस १९०२ सालीं व लाव्हराँ यांस १९०७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९०४ सालीं गुस्ताव गीम्सा यांनीं तयार केलेला निळ्या व तांबड्या रंगांचा जो द्राव, त्यानेंच आजही जगभर हे जंतू रंगविले जातात. आम्हांस दिसलेल्या अंगठीचा खडा त्याच रंगाचा.

आतां तपासणाऱ्याच्या कष्टाचा हिशेब पाहूं. रक्ताच्या एका घनमिलिमीटरांत, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या थेंबांत, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. जंतू ५,००० असले, तर दर हजार पेशींत एकच पेशी बाधित. म्हणून एकाच कांचेवर रक्ताचा जाड थेंब व पातळ लेप असे दोन्ही घेतात. जाड थेंबांत रक्त पुष्कळ मावतें, म्हणून चोर आहे कीं नाहीं हें लवकर कळतें. पातळ लेपांत पेशी शाबूत राहतात, म्हणून चोर कोणत्या जातीचा हें कळतें. जंतू नाहींत असें म्हणण्यापूर्वीं भिंगाखालचीं निदान शंभर क्षेत्रें डोळ्यांखालून घालावीं, असा नियम आहे. एका स्लाईडीस शंभर, तर पन्नास स्लाईडींस पांच हजार! डोळा दमतो, त्यांत नवल काय?

येथें संगणक पुढें येतो. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसविला कीं दिसणाऱ्या दृश्याचें चित्र यंत्रांत उतरतें. संगणकास चित्र म्हणजे निव्वळ आंकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्यास त्याच्या रंगाचे आंकडे. त्या आंकड्यांवरून तो प्रथम पेशींच्या कडा शोधतो, एकमेकींस चिकटलेल्या पेशी वेगळ्या करतो, आणि मग एकेक पेशी घेऊन तींत जंतू आहे कीं नाहीं हें ठरवितो. पूर्वीं हें ठरविण्याचे नियम माणूसच लिहून देई : रंग इतका गडद, आकार एवढा, कड अशी. हल्लीं दुसरी रीत रूढ झाली आहे. आपल्या वाडवडिलांनीं मोडी कशी शिकली, तें आठवावें. प्रत्येक कारकुनाचें वळण निराळें. नियम पाठ करून कोणी मोडी वाचूं लागला नाहीं. शेंकडों कागद वाचतां वाचतां अक्षर ओळखूं येऊं लागलें. त्याचप्रमाणें संगणकास हजारों चित्रें उत्तरासह दाखवितात, आणि खूण कोठें पहावयाची हें तो आपलें आपण बसवितो.

ह्याचें एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारचें आहे. बांगलादेशांतील चितगांवच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत १५० रुग्ण व ५० निरोगी माणसें यांच्या रक्ताच्या स्लाईडींचीं चित्रें सूक्ष्मदर्शकास साधा मोबाईल फोन जोडून घेतलीं गेलीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयांतील संशोधकांनीं त्यांतून २७,५५८ पेशींचीं चित्रें वेगळीं काढलीं, निम्मीं बाधित व निम्मीं निरोगी, आणि तीं सर्व जगास खुलीं केलीं. आज पुष्कळ विद्यार्थी ह्याच चित्रांवर आपल्या यंत्रांचे धडे गिरवितात. आपल्या देशांतही बंगळुरांत २०१५ सालीं स्थापन झालेली सिगटपल ही कंपनी रक्ताच्या लेपांचीं चित्रें संगणकाकडून वाचून घेणारीं यंत्रें बनविते.

परंतु येथें सुज्ञ वाचकांनीं एक हिशेब घरींच करून पहावा. समजा, यंत्र शंभरांपैकीं ९८ पेशी बरोबर ओळखतें. ऐकून कोणासही समाधान वाटेल. आतां एका माणसाच्या ५,००० पेशी त्यास दाखवा. शेंकडा दोन चुका धरल्या तरी सुमारे शंभर निरोगी पेशींवर चोरीचा आळ येईल! आणि वरच्या हिशेबानें हजारांत एकच पेशी बाधित असेल, तर खरे चोर पांचच. शंभर खोट्यांत पांच खरे! पूर्ण निरोगी माणसाच्या रक्तांतही हे शंभर दिसतीलच. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, पेशी ओळखण्याचें कौशल्य आणि रोगी ओळखण्याचें कौशल्य ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाहिरातींत पहिला आंकडा मोठ्या अक्षरांत असला, तर दुसरा कोणता, हें विचारावें.

चुका कशानें होतात? रक्तांतील एखादी बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तांबड्या पेशीवर पडली कीं ती जंतूसारखी दिसते. रंगाचा न गाळलेला कण तसाच फसवितो. एका प्रयोगशाळेचा रंग गडद, दुसरीचा फिकट. एकीच्या चित्रांवर शिकलेलें यंत्र दुसरीकडे गोंधळतें. साताऱ्याच्या दप्तरावर शिकलेला मोडीवाचक तंजावरच्या कागदांपुढें अडखळावा, तसेंच हें.

मग यंत्राचा उपयोग कोणता? आमच्या मतें, यंत्रानें न दमतां सर्व पेशी पहाव्या, त्यांतील संशयित शंभर निवडून तंत्रज्ञांपुढें ओळीनें मांडाव्या, आणि निवाडा माणसानें करावा. शंभर चित्रें पाहण्यास ताज्या डोळ्यास कांहीं मिनिटें पुरतात. आणि तो पांचांना शंभरांतून अचूक उचलील. महाराष्ट्रांत हिंवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. तेथील दुर्गम गांवांत आशा कार्यकर्ती झटपट तपासणीची पट्टी वापरून जागींच निदान करिते, हें मोठेंच काम होय. परंतु जंतूंची संख्या मोजणें आणि औषधानें ते घटतात कीं नाहीं हें पाहणें, यासाठीं स्लाईड अजून लागतेच. तज्ज्ञ जेथें पोहोंचत नाहीं, तेथें चित्र पोहोंचूं शकतें. २०३० पर्यंत देशांतून हिंवताप हद्दपार करण्याचा सरकारचा संकल्प आहे. रोगी विरळ होत जातील, तसतसा चोर शोधणें अधिकच कठीण होईल, आणि न दमणाऱ्या डोळ्याची गरज वाढेल.

तोंपर्यंत घरोघरीं पाळण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. थंडीतापाच्या रोग्यानें कोठें प्रवास केला, तें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. आम्हीं पहिल्या दिवशीं गडचिरोलीचें नांवच काढलें नव्हतें; हा दोष आमचाच. एक चिठ्ठी निर्दोष आली आणि ताप उतरला नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं रक्त पुन्हां तपासावें. व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतांत दडून बसतो, म्हणून ताप गेला तरी डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध शेवटच्या दिवसापर्यंत घ्यावें.

पुतण्या आतां पुन्हां कामावर रुजू झाला आहे. ह्या खेपेस निघतांना मातोश्रींनीं त्याच्या सामानांत लाडवांच्या डब्याशेजारीं मच्छरदाणी स्वतः घडी करून ठेविली, आणि पोहोंचल्यावर ती बांधल्याचें कळविण्यास बजाविलें. त्याच रात्रीं त्याचा फोन आला.