फिरतीवर निघण्याआधी

ऑडिटला अहमदाबाद, रिव्ह्यूला दिल्ली, साइट पाहायला नागपूर. पुण्या-मुंबईतल्या कित्येक नोकरदारांच्या महिन्यात अशी एखादी तरी फिरती असतेच. यातल्या बहुतेकांना पर्यावरणाची कळकळ आहे. घरी ओला-सुका कचरा वेगळा करणारी, भाजीला कापडी पिशवी नेणारी हीच माणसं. पण कामाच्या प्रवासात नेमकं काय केल्याने फरक पडतो, याबद्दल मात्र चुकीच्या समजुती फार आहेत. त्या मनापासून पाळल्या जातात, म्हणून अधिक नुकसान करतात.

गैरसमज: हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरला, पाण्याची बाटली घरून नेली, की आपलं काम झालं.

हे जरूर करावं. खोलीतला एसी २४ अंशांवर ठेवावा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण आकडे शेजारी ठेवून पाहा. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिट विजेमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रात्रभर एसी चालून आठ युनिटं गेली, तरी तो सहा किलोच्या आत राहतो. मुंबई-दिल्ली विमानाच्या एका सीटमागे एका वेळेला ढोबळमानाने ८० ते १०० किलो जातो, कारण एक किलो विमान-इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. टॉवेल वाळत घातल्याने हा हिशेब हलत नाही. तो तिकीट काढतानाच ठरलेला असतो.

गैरसमज: जगाच्या एकूण उत्सर्जनात विमानांचा वाटा दोन-अडीच टक्केच, मग एवढा गाजावाजा कशाला?

आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. जगातल्या बहुसंख्य लोकांनी वर्षभरात विमानात पाऊलही ठेवलेलं नसतं. २०१८ सालच्या प्रवासाचा अभ्यास सांगतो की जगातल्या फक्त १ टक्का लोकांमुळे प्रवासी विमानांचं निम्मं उत्सर्जन होतं. महिन्यातून दोनदा दिल्ली करणारा मॅनेजर या छोट्या गटात मोडतो किंवा त्याच्या अगदी जवळ असतो. त्याच्या स्वतःच्या वर्षाच्या हिशेबात विमानप्रवास हाच बहुधा सर्वांत मोठा आकडा असतो.

गैरसमज: रेल्वेने वेळ वाया जातो. शिवाय तिची वीजही कोळशाचीच.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यांत जास्त वाव इथेच आहे.

मुंबई-अहमदाबादचंच बघा. विमान हवेत तासाभराच्या आसपासच असतं. पण कांदिवलीहून निघणाऱ्या माणसाने घरापासून विमानतळ, सिक्युरिटीची रांग, बोर्डिंग, उतरल्यावर सामान आणि पुन्हा शहरात जाणारी टॅक्सी असं सगळं मोजलं, तर चार-साडेचार तास सहज जातात, आणि त्यातला सलग बसून काम करता येईल असा वेळ फारच थोडा. तोच माणूस सकाळची वंदे भारत बोरिवलीला पकडतो आणि दुपारच्या आत अहमदाबादला उतरतो. मधले पाच तास लॅपटॉप उघडा असतो. नागपूर किंवा दिल्ली असेल तर रात्रीची गाडी: संध्याकाळी ऑफिस उरकून दुरंतो किंवा राजधानीत बसायचं, सकाळी उतरायचं. हॉटेलची एक रात्रही वाचते. पुणे-मुंबईबद्दल तर बोलायलाच नको. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आहे, तीही सुरुवातीपासून विजेवर, आणि नोकरदारांना सकाळी मुंबईत पोचवते.

कोळशाच्या विजेचा मुद्दा खरा आहे. तरीही एका गाडीत हजारभर माणसं बसतात, आणि रुळांवर लोखंडी चाकाला घर्षण फार कमी. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांत दर प्रवाशामागे दर किलोमीटरला सरासरी १० ग्रॅमच्याही आत उत्सर्जन धरलं जातं. या सरासरीत खच्चून भरलेले जनरल डबेही आले. एसी डब्यात माणसागणिक जागा आणि वीज जास्त लागते म्हणून आकडा तिप्पट धरा. तरी मुंबई-दिल्लीच्या १,३८४ किलोमीटरला तो साधारण ४० किलोच भरतो, म्हणजे विमानाच्या निम्मा किंवा त्याहून कमी. जसजशी ग्रिडवर सौर आणि पवन वीज वाढेल, तसा हा आकडा आपोआप खाली येत जाईल. विमानाच्या बाबतीत अशी सोय नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही: तिकीट मिळत नाही. मीटिंग परवाची, निरोप आज येतो, गाडीला वेटिंग पन्नासच्या पुढे. एसी तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० वाजता उघडतं आणि बघता बघता संपतं. मग नाइलाजाने विमान. याचा दोष प्रवाशाला देता येत नाही. तारखा उशिरा ठरवण्याच्या ऑफिसच्या सवयीला मात्र देता येतो.

गैरसमज: विमान टाळून कॅब केली, म्हणजे पर्यावरणाचं भलं केलं.

डिझेल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरलं, तर मुंबई-पुणे दीडशे किलोमीटरला १० लिटर डिझेल, म्हणजे सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइड. आत एकच माणूस बसला असेल तर सगळा त्याच्या नावावर. गाडी रिकामी परतली तर दुप्पट. तेच ऑफिसातले चौघे एका गाडीने गेले तर माणशी सात किलोसुद्धा होत नाही. एसटीच्या ई-शिवनेरी बसगाड्या २०२३ पासून या मार्गावर धावत आहेत. मुंबईत भुयारी मेट्रो ३ आता सीएसएमटी, दादर, बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनलं जोडते. रेल्वेने दादरला उतरून बीकेसीच्या मीटिंगला टॅक्सीशिवाय जाता येतं, आणि तेही ट्रॅफिकमध्ये न अडकता.

मग लोक एकटे कॅबने का जातात? अनेक ठिकाणी उत्तर अकाउंट्समध्ये सापडतं. कॅबचं बिल ईमेलवर येतं आणि लगेच मंजूर होतं. मेट्रोच्या चाळीस रुपयांच्या तिकिटाला मात्र व्हाउचर, सही आणि खुलासा लागतो.

गैरसमज: विमान तर उडणारच आहे. मी बिझनेस क्लासमध्ये बसलो काय आणि इकॉनॉमीत काय!

लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लासची एक सीट इकॉनॉमीच्या जवळपास तीन सीटांची जागा आणि भार घेते. ब्रिटिश सरकार कंपन्यांना हिशेबासाठी जे गुणक देतं, त्यातही उत्सर्जन जवळपास तिप्पटच धरलेलं आहे. आणि विमान ‘उडणारच’ असतं ते तिकिटं खपतात म्हणून.

गैरसमज: तिकिटासोबत थोडे पैसे भरून झाडं लावली, की प्रवासाचं पाप फिटलं.

झाडं लावावीत, पण त्यांच्या जिवावर विमानाचं तिकीट काढू नये. धूर आज हवेत जातो. झाड तो शोषायला काही दशकं घेतं, आणि तेही जगलं तर. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’ आणि ‘डी त्साइट’ यांच्या शोधपत्रकारितेत जंगल वाचवण्याच्या नावाखाली विकल्या गेलेल्या कार्बन क्रेडिटांपैकी बहुतांश पोकळ असल्याचा निष्कर्ष निघाला. क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या संस्थेने तो मान्य केला नाही. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या विमान कंपनीच्या पर्यावरणविषयक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. त्यात ऑफसेटच्या, म्हणजे पैसे भरून उत्सर्जनाची भरपाई करण्याच्या, जाहिरातीही होत्या.

गैरसमज: आता हरित इंधन आलंच आहे. थोडी वर्षं कळ काढली की झालं.

या कामात पुण्याचा वाटा आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असाच आहे. मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान देशात तयार झालेलं शाश्वत इंधन मिसळून उडालं. त्यामागे पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल होती. मिश्रणाचं प्रमाण मात्र एक टक्क्यापर्यंतच होतं. भारताचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के असं आहे. २०२४ साली जगभरातल्या विमान-इंधनात या इंधनाचा वाटा ०.३ टक्क्याच्या आसपास होता. म्हणजे २०३० सालीसुद्धा टाकीत नव्वद टक्क्यांहून जास्त जुनंच इंधन असणार.

‘आमचा विमानतळ सौरऊर्जेवर चालतो’ या पाटीचंही तसंच. कोची विमानतळ २०१५ पासून सौर विजेवर आहे. काम कौतुकाचंच, पण ती वीज दिव्यांना आणि सरकत्या जिन्यांना मिळते. विमान केरोसीनवरच उडतं.

गैरसमज: हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न आहे.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. कामाचा प्रवास माणूस स्वतः होऊन निवडत नाही. कंपनी त्याला पाठवते. अनेक कंपन्यांच्या नियमांत विशिष्ट ग्रेडच्या वर विमान हा ‘हक्क’ असतो, त्यामुळे रेल्वेने जाणं म्हणजे पायरी उतरणं वाटतं. फ्रान्सने २०२३ मध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, ल्याँ आणि बोर्दोला जाणारी उड्डाणं बंद केली, कारण रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येत होतं. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सहा तासांच्या आतला प्रवास रेल्वेने, रात्रीची गाडी असेल तिथे आधी तिचा विचार, एका शहरातली तीन कामं एकाच फेरीत, आणि निव्वळ स्लाइड दाखवायची मीटिंग व्हिडिओवर. एवढं परिपत्रक कोणतीही कंपनी काढू शकते. मशीन बसवायला, अपघात पाहायला, नव्या ग्राहकाला पहिल्यांदा भेटायला माणसाने जायलाच हवं. तिथे हात आखडता घेऊ नये.

सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. तुमची कंपनी त्यात असेल, तर कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा आकडा त्यात आहे का, हे विचारा. आणि ट्रॅव्हल डेस्क तुमच्या हातात असेल, तर पुढच्या तिमाहीच्या मीटिंगांच्या तारखा याच आठवड्यात पक्क्या करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.