रस्त्याकडेची रोगट झाडे : छाटावीत कधी, तोडावीत कधी?



घाटकोपर-मुलुंडकडून जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि अंधेरी-बोरिवलीचा पश्चिम द्रुतगती महामार्ग आपण भाजीच्या टेम्पोतून पाहिलेला असेल. मुंबईच्या रस्त्यांवर छत्रीसारखे पसरलेले मोठाले वृक्ष दिसतात, त्यांत रेन ट्री म्हणजे विलायती शिरीष पुष्कळ. गेल्या दहा-बारा वर्षांत यांतली कित्येक झाडे उभ्या उभ्या वाळली. कारण आपल्या ओळखीचेच : पिठ्या ढेकूण.

ही कीड कोवळ्या फांद्यांतला रस शोषते, अंगातून चिकट गोड पाणी सोडते. त्यावर काळी बुरशी चढते, मुंगळे गोळा होतात, आणि तेच मुंगळे किडीची पिल्ले या फांदीवरून त्या फांदीवर पोचवतात. म्हणजे नुसती कीड मारून भागत नाही, मुंगळ्यांची वाटही बंद करायला हवी. खोडाभोवती प्लास्टिकचा वीतभर पट्टा घट्ट बांधून त्याला ग्रीस फासा. आपल्या पेरू-सीताफळालाही हाच उपाय चालतो. कीड लागलेल्या फांद्या काढल्या, की त्या दुसऱ्या झाडाखालून फरफटत नेऊ नका. शहरात उघड्यावर जाळायला बंदी आहे. बांधावर काम असेल तर खड्ड्यात पुरा.

आता छाटणीचे. पुष्कळदा एका घावात फांदी पाडतात. मग ती खोडाची साल ओरबाडत खाली येते, आणि त्या जखमेतून कूज आत शिरते. तसे करू नका. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून पाव भाग कापा. मग दोन-चार बोटे पुढे वरून कापा. फांदी अलगद सुटते. उरलेला खुंट शेवटी कापायचा, पण खोडाला अगदी चाटून नव्हे. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, ती राखून कापा. जखम भरून येते ती तिथूनच. कापावर बोर्डो मलम लावायचे तर मोरचूद 1 किलो आणि कळीचा चुना 1 किलो, प्रत्येकी 5 लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाचे नको.

तारांसाठी झाड एकाच बाजूने सोलून काढतात, हे आम्हाला मुळीच पटत नाही. तोल गेलेले झाड पहिल्याच वादळात आडवे होते. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडे पडली. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेले असले, की मुळांना धड पाणी नाही, हवा नाही.

तोडायचे कधी? बुंध्याशी भूछत्रासारखी टणक बुरशी दिसली, लाकडी हातोडीने ठोकल्यावर खोड पोकळ वाजले, किंवा झाड कलून मुळाशी जमीन फाटली, तर थांबू नका. झाड पडले तर खालून जाणारा सायकलवाला सापडेल, तुमची बैलगाडी सापडेल. नुसती पाने गळली म्हणून मात्र कुऱ्हाड उचलू नये. नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवी असेल तर झाड जिवंत आहे.

आणि कुऱ्हाड लावण्याआधी कागद हवा. मुंबईत 1975 चा वृक्ष जतन कायदा लागू आहे. तिथे वॉर्डाच्या उद्यान खात्याकडे अर्ज द्यायचा. दोन्ही द्रुतगती महामार्ग 2022 साली महापालिकेकडे आले. गावाकडे 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. आंबा, फणस, जांभूळ आपल्या बांधावरचे असले, तरी परवानगी लागते. रस्त्याकडेचे झाड तर आपले नसतेच. सार्वजनिक बांधकाम खात्याला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या. अर्ज वैशाखातच द्या. मिरग लागल्यावर ओल्या खोडावर माणूस चढवायचा म्हणजे जिवाशी खेळ.